रिसीव्हरची दुसरी फळी: आपल्या एनएफएल संघाला ती खरंच हवी आहे का, हे कसं तपासायचं

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा मोसम संपतो, संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, हरतो आणि चाहत्यांची मागणी ठरलेली असते: रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, आणा. हातातून निसटलेला चेंडू सगळ्या स्टेडियमला दिसतो. क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभ्या असलेल्या लाइनमधल्या गार्डचं पाऊल क्षणभर उशिरा पडलं, हे कुणालाच दिसत नाही. त्यामुळे ही मागणी कधी बरोबर असते, कधी साफ चुकीची. ती तपासायला प्रशिक्षकांच्या खोलीत बसावं लागत नाही. हरलेल्या सामन्यांची चित्रफीत, फुकट मिळणारे आकडे आणि एक कोरा कागद एवढं पुरतं. डॅलस, शिकागो किंवा न्यू जर्सीत राहून तिथला संघ आपला मानणारे मराठी चाहते असोत, की सोमवारी पहाटे उठून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बघणारे पुण्या-मुंबईतले, पद्धत तीच.

माझं मत आधीच सांगतो. रिसीव्हरची फळी नावांनी मोजायची नसते, कामांनी मोजायची असते. सहा बरी नावं असूनही फळी उथळ असू शकते, आणि दोनच मोठी नावं घेऊनही संघ विजेता होऊ शकतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: हरलेले सामने परत बघा, जिंकलेले नाही

९ फेब्रुवारी २०२५ची न्यू ऑर्लिन्समधली सुपर बोलची रात्र घ्या. कॅन्सस सिटी चीफ्स फिलाडेल्फिया ईगल्सकडून ४०-२२ असे हरले. मध्यंतरालाच २४-० झालं होतं. त्या मोसमात चीफ्सच्या रिसीव्हरवर संकटांमागून संकटं आली होती. मार्कीस ब्राउन सरावमोसमाच्या पहिल्याच सामन्यात खांद्याला दुखापत होऊन बाहेर गेला. चौथ्या आठवड्यात रशी राइसचा गुडघा गेला. ऑक्टोबरमध्ये टेनेसीकडून डिआंड्रे हॉपकिन्सला आणावं लागलं. तेव्हा अंतिम सामना हरल्यावर बोट रिसीव्हरकडे जाणं अगदी स्वाभाविक होतं.

पण सामना परत बघा. नवखा झेव्हियर वर्दी ८ झेल, १५७ यार्ड आणि २ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) घेऊन बाहेर पडला, अर्थात त्यातलं बरंचसं सामना हातचा गेल्यावरचं होतं. ईगल्सनी क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला ६ वेळा सॅक केलं, म्हणजे फेकायच्या आत पाडलं, आणि तेही चार जणांपेक्षा जास्त माणसं पाठवून ब्लिट्झ न करता. चार जणांनी पाच-सहा जणांची भिंत फोडली आणि उरलेले सात जण मागे झेलणाऱ्यांवर पहारा देत राहिले. अशा वेळी जगातला कुठलाही रिसीव्हर मोकळा होईपर्यंत क्वार्टरबॅक जमिनीवर गेलेला असतो. चीफ्सनी स्वतः निदान काय केलं, ते दोन महिन्यांनी कळलं: २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत त्यांनी जोश सिमन्स हा लाइनमधला टॅकल घेतला.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. २००६ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी आपले दोन्ही मुख्य रिसीव्हर गमावले. डेव्हिड गिव्हन्स दुसऱ्या संघाकडे गेला आणि डिऑन ब्रँचला मोसमाच्या तोंडावर सिअ‍ॅटलला देऊन टाकलं. त्या वर्षी त्यांचा सर्वाधिक यार्डांचा रिसीव्हर होता रीशी काल्डवेल, ७६० यार्ड. लाइन उत्तम, डिफेन्स उत्तम, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. एएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात इंडियानापोलिसविरुद्ध २१-३ अशी आघाडी असूनही ते ३८-३४ असे हरले, आणि त्या सामन्यात काल्डवेलच्या हातून अगदी मोकळ्यात आलेले चेंडू सुटले. पुढच्या उन्हाळ्यात संघाने रँडी मॉस, वेस वेल्कर आणि डॉन्टे स्टॉलवर्थ अशी तिघांची भरती केली. ब्रेडीचे टचडाउन पास २४वरून ५०वर गेले, मॉसने एकट्याने २३ टचडाउन केले आणि संघ साखळीत १६-० राहिला. शेवटी सुपर बोल १७-१४ असा हरले, तो न्यूयॉर्क जायंट्सच्या पास रशपुढे, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांपुढे. ही बाबही लक्षात ठेवा.

या दोन्ही निकालांतला फरक स्वतःच्या संघासाठी शोधायचा तर प्रत्येक हरलेल्या सामन्यातले फसलेले थर्ड डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) घ्या आणि प्रत्येकासमोर चारपैकी एकच कारण लिहा: फेकायला वेळच मिळाला नाही, वेळ होता पण कुणी मोकळं नव्हतं, मोकळं होतं पण फेक चुकली, फेक नीट होती पण चेंडू सुटला. दुसरं आणि चौथं कारण मिळून निम्म्याहून जास्त भरलं, तर रिसीव्हरची चर्चा पुढे न्या. हा निम्म्याचा दंडक माझा आहे, पण तो मला आजवर फारसा दगा देणारा वाटलेला नाही. पहिलं कारण जास्त भरलं, तर लाइनकडे बघा आणि हा लेख इथेच थांबवला तरी चालेल.

आणि पराभव जर गुण न झाल्यामुळे नसून गुण दिल्यामुळे असतील, तर फसलेले डाउन मोजायचीही गरज नाही. सिनसिनाटी बेंगल्सचा २०२४चा मोसम आठवा. जमार चेसने १२७ झेल, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन अशा तिन्ही याद्यांत पहिला क्रमांक पटकावला. सोबतीला टी हिगिन्स. तरी संघ ९-८वर थांबला आणि प्लेऑफला मुकला. वॉशिंग्टनविरुद्ध ३३ करून हरले, बाल्टिमोरविरुद्ध एकदा ३८ आणि एकदा ३४ करून हरले, पिट्सबर्गविरुद्ध ३८ करून हरले. त्या संघाला आणखी एक रिसीव्हर देऊन काय बदललं असतं?

पायरी २: कागदावर नावं नाही, कामं लिहा

संघाच्या संकेतस्थळावर रिसीव्हर पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमाने लिहिलेले असतात. तो क्रम बाजूला ठेवा आणि कागदावर ही कामं लिहा.

पहिलं काम एक्सचं. हा रिसीव्हर स्क्रिमेजच्या रेषेवरच, म्हणजे जिथून खेळी सुरू होते त्या रेषेवर, उभा असतो, बहुतेक वेळा मैदानाच्या एका बाजूला एकटा. समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला पहारा देणारा बचावपटू, त्याला सुरुवातीलाच छातीवर हात लावून अडवू शकतो, आणि ती अडवणूक मोडून पुढे जाणं हे त्याचं कसब. हे काम करणारी माणसं सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात महाग. दुसरं झेडचं: तो रेषेपासून पाऊलभर मागे, त्यामुळे सुरुवातीला थोडा मोकळा, स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याआधी, हलू शकणारा. तिसरं स्लॉटचं, म्हणजे आतल्या बाजूने, छोट्या पण नेमक्या वाटांचं. याशिवाय दोन कामं अशी आहेत, जी यांपैकी कुणीही करू शकतो पण कुणीतरी करायलाच हवीत: सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, खोल खेचून नेणारा वेग, आणि थर्ड डाउनला माणसाला माणूस पहारा असताना हमखास मोकळं होणं. धावत्या खेळात आडवं जाणं, म्हणजे ब्लॉकिंग, हे सहावं. त्याची चर्चा कमी होते, पण ज्या संघाचा जीव धावण्यात आहे तिथे ते निर्णायक.

आता प्रत्येक कामासमोर नाव लिहा, आणि त्यात टाइट एंड (लाइनलगत उभा राहून अडवणारा आणि झेलणारा) व रनिंग बॅकही (चेंडू घेऊन धावणारा) धरा. इथेच बहुतेक चाहत्यांचा हिशेब चुकतो. मार्च २०२२मध्ये चीफ्सनी आपला मुख्य रिसीव्हर टायरिक हिल याला मायामीला दिलं आणि बदल्यात ड्राफ्टचे पाच पिक, म्हणजे निवडीचे हक्क, घेतले. नावांच्या हिशेबाने तो मोठा खड्डा होता. हिलने मायामीत त्याच वर्षी १,७१० यार्ड केले. पण कामांच्या हिशेबाने बघा. आतल्या वाटा आणि थर्ड डाउन टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी सांभाळत होता, ११० झेल आणि १,३३८ यार्ड. जुजु स्मिथ-शूस्टरने मधल्या अंतरावर ९३३ यार्ड केले. खोल खेचायला मार्केझ व्हाल्डेस-स्कँटलिंग आला, स्काय मूर दुसऱ्या फेरीत घेतला, आणि ऑक्टोबरमध्ये कडेरियस टोनीला जायंट्सकडून आणलं. हिलच्या जागी एकही हिल आला नाही, काम वाटून दिलं गेलं. सुपर बोलमध्ये ईगल्सविरुद्ध ३८-३५ अशा विजयात टोनी आणि मूर दोघांनी टचडाउन केले, आणि टोनीचा ६५ यार्डांचा पंट रिटर्न (प्रतिस्पर्ध्याने लाथेने उडवलेला चेंडू घेऊन परत धावणं) सुपर बोलच्या इतिहासातला सर्वांत लांब ठरला. हिलबद्दल मिळालेल्या पहिल्या फेरीच्या पिकचा उपयोग वर सरकून कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफीला घ्यायला झाला, हा फायदा तर वेगळाच.

हेही लक्षात असू द्या की आज लीगमध्ये साधारण ६० टक्के स्नॅपना तीन रिसीव्हर मैदानात असतात. म्हणजे तिसरा रिसीव्हर हा राखीव खेळाडू नव्हे, तो मुख्य अकरांतलाच. खरी दुसरी फळी चौथ्यापासून सुरू होते.

पायरी ३: एकेकाला खोडून बघा

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते. कागदावरच्या पहिल्या नावावर रेघ मारा आणि विचारा: कोणतं काम रिकामं झालं? ते काम आता कुणाकडे जाईल, आणि त्याने सोडलेलं काम कुणाकडे? मग ते नाव परत लिहा आणि दुसऱ्यावर रेघ मारा. १७ सामन्यांच्या साखळीत एखादा मुख्य रिसीव्हर काही आठवडे बाहेर बसेल हे गृहीतच धरायचं.

२०२१चे लॉस एंजेलिस रॅम्स ही परीक्षा प्रत्यक्षात कशी होते ते दाखवतात. कूपर कप त्या मोसमात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउनसह तिन्ही याद्यांत पहिला होता. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ओडेल बेकहॅमला घेतलं, तेव्हा अनेकांना ती चैन वाटली. दुसऱ्याच दिवशी सरावात रॉबर्ट वूड्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. चैन वाटलेला माणूस एका दिवसात गरज झाला. सुपर बोलमध्ये बेंगल्सविरुद्ध पहिला टचडाउन बेकहॅमचाच, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचाही गुडघा गेला. त्यानंतर रॅम्सचा हल्ला कितीतरी वेळ अडकून पडला, कारण सगळा पहारा कपकडे सरकला. शेवटच्या ताब्यात कपने एकट्याच्या बळावर ओढून नेलं आणि २३-२० असं जिंकलं. एक रिसीव्हर कमी पडला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज त्या मधल्या दोन क्वार्टरवरून येतो.

त्याच मोसमातले टॅम्पा बे बकनिअर्स दुसऱ्या बाजूला उभे आहेत. आदल्या वर्षी माइक इव्हान्स, क्रिस गॉडविन आणि अँटोनियो ब्राउन ही तिकडी घेऊन ते सुपर बोल जिंकले होते. २०२१च्या डिसेंबरात गॉडविनचा गुडघा गेला, जानेवारीच्या सुरुवातीला ब्राउन सामना अर्ध्यात सोडून निघून गेला आणि इव्हान्स एकटा उरला. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत रॅम्सनीच त्यांना ३०-२७ असं घरी पाठवलं.

मला मात्र याच संघाचं २०२४चं उदाहरण जास्त शिकवणारं वाटतं. सातव्या आठवड्यात बाल्टिमोरविरुद्धच्या एकाच सामन्यात इव्हान्सची मांडी आणि गॉडविनचा घोटा, दोन्ही गेलं. गॉडविन मोसमभर परतला नाही. पण त्यांनी त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत जेलन मॅकमिलनला घेतलं होतं. त्याला लगेच जमलं नाही; शेवटच्या पाच सामन्यांत मात्र त्याने ७ टचडाउन केले, इव्हान्सही परतला होता, आणि संघाने १०-७ करून आपला विभाग जिंकला. दुसरी फळी अशीच तयार होते. गरज पडण्याच्या सहा महिने आधी घेतलेला आणि चुका करायला मुभा मिळालेला मुलगा.

पायरी ४: आकडे बघा, पण कोणते?

चेंडू किती सुटले, हा आकडा डोळ्यांत भरतो आणि फसवतोही. २०२३चे चीफ्स त्याचं ठळक उदाहरण. डेट्रॉइटविरुद्ध पहिल्याच रात्री टोनीच्या हातातून उडालेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने टचडाउनपर्यंत नेला आणि सामना २१-२० असा गेला. ईगल्सविरुद्ध व्हाल्डेस-स्कँटलिंगच्या हातून जिंकून देणारा पास सुटला. बफलोविरुद्ध टोनी रेषेच्या पुढे उभा असल्यामुळे जिंकवणारा टचडाउन रद्द झाला. एवढं होऊनही ते विजेते झाले. त्यांच्या डिफेन्सने साखळीत लीगमधले दुसऱ्या क्रमांकाचे कमी गुण दिले होते, आणि दुसऱ्या फेरीतला नवखा रशी राइस ९३८ यार्डांपर्यंत पोचला होता. एएफसीच्या अंतिम सामन्यात बाल्टिमोरवर शिक्कामोर्तब करणारा लांब झेल घेतला तो व्हाल्डेस-स्कँटलिंगनेच, आणि सुपर बोलचा अखेरचा टचडाउन घेतला मीकोल हार्डमनने, ज्याला ऑक्टोबरमध्ये जेट्सकडून परत आणलं होतं. सुटलेल्या चेंडूंवरून माणसाला मोडीत काढायचं असतं, तर हे दोन झेल घ्यायला कुणी उरलंच नसतं.

त्यापेक्षा धावलेल्या प्रत्येक वाटेमागे किती यार्ड मिळाले ते बघा. साधारण २च्या वर म्हणजे पहिल्या प्रतीचा, दीडच्या आसपास म्हणजे भरवशाचा, १च्या खाली म्हणजे पहारेकरी त्याच्याकडे फारसं लक्ष न देता भागवू शकतो. हा आकडा मिळाला नाही तर खेळलेल्या स्नॅपच्या तुलनेत त्याच्याकडे किती वेळा चेंडू आला ते काढा. क्वार्टरबॅक ज्याच्याकडे बघतच नाही, तो बहुधा मोकळा होत नसतो. लीगच्या स्वतःच्या नेक्स्ट जेन स्टॅट्समध्ये पास येतेवेळी पहारेकरी किती यार्ड दूर होता हेही दिलेलं असतं, पण स्लॉटच्या आणि एक्सच्या माणसाची तिथे तुलना करू नका. आतल्या माणसाला मोकळीक जास्तच मिळते. कमकुवत संघात मिळालेले भरमसाट झेलही जपून वाचा, कारण मागे पडलेला संघ फेकतच राहतो.

पायरी ५: ५३ आणि ४८चं गणित

अंतिम यादी ५३ जणांची, त्यात रिसीव्हर बहुधा पाच किंवा सहा. सामन्याच्या दिवशी फार तर ४८ जण गणवेशात. म्हणजे चौथा-पाचवा रिसीव्हर फक्त झेल घेणारा असून चालत नाही. त्याने पंटच्या वेळी धावत जाऊन अडवायला हवं किंवा रिटर्न घ्यायला हवेत. न्यू इंग्लंडचा मॅथ्यू स्लेटर कागदावर रिसीव्हर होता, आख्ख्या कारकिर्दीत एकच झेल, आणि स्पेशल टीमसाठी, म्हणजे लाथेच्या खेळींसाठी उतरणाऱ्या तुकडीतल्या कामासाठी, १० वेळा प्रो बोल या तारांकित खेळाडूंच्या सामन्याला निवडला गेला. चाहते सुचवतात तो उतारवयातला नावाजलेला रिसीव्हर पाचव्या जागेवर का बसत नाही, याचं उत्तर इथे आहे.

सराव पथकातले १६ जण हाही साठाच. सामन्यागणिक त्यातले दोन वर घेता येतात आणि एका खेळाडूला मोसमात तीनदा. जखमींच्या यादीत टाकलेला माणूस किमान चार सामने बाहेर राहतो, म्हणून या चार आठवड्यांत कोण खेळेल एवढ्यापुरतं तरी नाव ठरलेलं हवं.

पायरी ६: काय किंमत, आणि केव्हा

मार्चमधली फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंची भरती, ही सर्वांत महागडी खिडकी. २०२५मध्ये पगारमर्यादा संघामागे २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. बेंगल्सनी चेसला चार वर्षांचे १६ कोटी १० लाख आणि हिगिन्सला ११ कोटी ५० लाख कबूल केले. हे पैसे कुठूनतरी येतात, आणि बहुधा डिफेन्समधून येतात. मुख्य एक्स नसेल तर ही किंमत मोजायला हरकत नाही. फळी भरायला मात्र ती कधीच मोजू नये.

फळी भरायची ती एप्रिलमधल्या ड्राफ्टच्या दुसऱ्या ते चौथ्या फेरीत, शक्यतो दर वर्षी एक. राइस दुसऱ्या फेरीतला, कप आणि मॅकमिलन तिसऱ्या, डेट्रॉइटचा अमॉन-रा सेंट ब्राउन चौथ्या. सगळे असे निघत नाहीत. स्काय मूरचं पुढे फारसं जमलं नाही, म्हणून तर दर वर्षी.

नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीची, खिडकी बंद होते. तोवर मधल्या फेरीच्या पिकवर अनुभवी माणूस मिळतो, पण त्याला नवी आखणी शिकायला वेळ लागतो. २०२४मध्ये बाल्टिमोरने डिऑन्टे जॉन्सनला आणलं. चार सामन्यांत एक झेल, मग मैदानात उतरायला नकार, निलंबन आणि डिसेंबरात संघातून गच्छंती. त्यामुळे ऑक्टोबरची खरेदी ही एका ठरावीक रिकाम्या कामासाठीच करावी.

पायरी ७: आता निर्णय

फसलेल्या डाउनची कारणं रिसीव्हरकडे बोट दाखवत असतील, आणि एकाला खोडल्यावर एक्सचं किंवा थर्ड डाउनचं काम रिकामं पडत असेल, तर संघाला रिसीव्हर हवा. खोडल्यावर फक्त वेग किंवा ब्लॉकिंग रिकामं होत असेल, तर तिसऱ्या फेरीचा पिक किंवा स्वस्तातला अनुभवी माणूस पुरे. काहीच रिकामं होत नसेल, तर पैसा दुसरीकडे घाला.

ईगल्सचा २०२४चा विजेता संघ या कसोटीवर लावून बघा. ए. जे. ब्राउन आणि डेव्होंटा स्मिथ वरचढ. तिसऱ्या जहान डॉटसनचे साखळीत १९ झेल, २१६ यार्ड. फळी उथळ होती, आणि त्याची किंमत त्यांनी एकदा भरलीही: २९ सप्टेंबरला ब्राउन, स्मिथ आणि टॅकल लेन जॉन्सन तिघेही बाहेर असताना टॅम्पामध्ये ३३-१६ असे हरले. पण रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कलीचे धावून काढलेले २,००५ यार्ड आणि ती लाइन असल्यामुळे त्यांना चौथ्या रिसीव्हरवर खर्च न करणं परवडलं. दोघे परतल्यावर सलग दहा सामने जिंकले.

बफलोने त्याच वर्षी मुख्य रिसीव्हर स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टनला देऊन मोसमाची सुरुवात एकही मोठं नाव न ठेवता केली. खलील शकीर ८२१ यार्डांसह पहिला, तरी संघ गुणांत लीगमध्ये दुसरा आणि क्वार्टरबॅक जोश अ‍ॅलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. चीफ्सविरुद्ध ३२-२९ असं हरले, त्यात २९ गुण कमी म्हणता येणार नाहीत.

ग्रीन बे पॅकर्सचं मात्र वेगळं. रीड, डब्ज, वॉटसन, विक्स अशी चौघांची जवळपास सारख्याच दर्जाची फळी लीगमध्ये वाखाणली जायची. साखळीच्या शेवटच्या सामन्यात वॉटसनचा गुडघा गेला, ईगल्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये डब्ज डोक्याला मार लागून आणि रीड खांदा दुखावून बाहेर पडले, आणि २२-१० असा शेवट झाला. चार नावं होती, पण एकट्याने पहारा मोडणाऱ्या माणसाचं काम आधीपासूनच कोरं होतं. २०२५च्या एप्रिलमध्ये, ग्रीन बेमध्येच भरलेल्या ड्राफ्टला, पॅकर्सनी २३व्या क्रमांकावर मॅथ्यू गोल्डनला घेतलं. २००२च्या जेव्हॉन वॉकरनंतर पहिल्या फेरीत घेतलेला हा त्यांचा पहिला रिसीव्हर.

तुमचा कागद मोसमात दोनदा नव्याने भरा: ऑगस्टच्या शेवटी ५३ची यादी आली की, आणि ट्रेडची खिडकी बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात. दुसऱ्यांदा भरताना सरावात नेहमीइतका भाग न घेणारा रिसीव्हर निम्माच धरा. बुधवार ते शुक्रवार जाहीर होणाऱ्या दुखापतींच्या अहवालात ते दिसतं.